वाहन निरीक्षक झालास, आता पुढे?

एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक झालास, अभिनंदन! रस्ता सुरक्षेच्या धोरणात काम करायचंय म्हणतोस, तर आत्ताच मंत्रालयाकडे डोळे लावून बसू नकोस. आधी अपघातस्थळं पालथी घाल. गाडीचे ब्रेक, टायर तपासशीलच, पण रस्ताही बघ. टायरच्या खुणा कुठून सुरू झाल्या? वळणाआधीचा फलक फांदीआड गेला होता का? 'चालकाचा निष्काळजीपणा' लिहून मोकळं होणं सोपं, म्हणून बहुतेक जण तेच लिहितात.

ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेचा, निकष तोंडपाठ हवा: राष्ट्रीय महामार्गाचा साधारण 500 मीटरचा तुकडा, तिथे 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. नोंदीत ठिकाण चुकलं, तर तो तुकडा यादीत येतच नाही. तेव्हा ठिकाण जातीनं तपास.

मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती वाच, विशेषतः कलम 198अ. सदोष रस्त्यासाठी कंत्राटदार आणि यंत्रणाही तिथे दंडास पात्र ठरतात. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीला फोटो आणि मोजमापं घेऊनच जा. बांधकाम विभागाचे अभियंते भाषणाला भीक घालत नाहीत, आकड्यापुढे मात्र थबकतात (तेही चहा झाल्यावर). फलकांसाठी आयआरसी 67, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या फलकांची नियमावली, जवळ ठेव.