८ इंची डॉब्सोनियनसाठी बसायला कोणती खुर्ची घ्यावी?

तुमच्याकडे ८ इंची डॉब्सोनियन (८ इंच व्यासाच्या आरशाची, जमिनीवर ठेवून हाताने फिरवायची दुर्बीण) आहे, अर्ध्या तासात मान आणि कंबर भरून येते, आणि आता गादीची घडीची खुर्ची घ्यावी की उंच स्टूल, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही घेऊ नका. आधी मोजपट्टी घेऊन अंगणात जा.

खुर्चीची बैठक किती उंच आहे आणि ती किती वरखाली करता येते, यावर सगळं ठरतं. मऊपणा, पाठ टेकायची सोय, वजन हे नंतरचं. डॉब्सोनियनची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, नळीच्या वरच्या टोकाला असते, त्यामुळे ती कधीच एका उंचीवर राहत नाही. साधारण १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) ८ इंची दुर्बिणीत नळी सरळ डोक्यावर रोखली की आयपीस जमिनीपासून ११५ सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि नळी क्षितिजापासून ३० अंशांवर आणली की ८५ च्या आसपास उतरते. तुमच्या दुर्बिणीचे आकडे थोडे वेगळे निघतील. म्हणून दिवसाउजेडी नळी डोक्यावर, ४५ अंशांवर आणि ३० अंशांवर ठेवून तिन्ही उंच्या मोजा. त्याखाली मोजायची फारशी गरज नाही. ३० अंशांवरच प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून यावं लागतं, त्याहून खाली प्रतिमा आणखी बिघडते, त्यामुळे शक्य असेल तेव्हा ग्रह वर चढेपर्यंत थांबलेलं बरं.

आता स्वतःचं माप घ्या. ताठ बसल्यावर बैठकीपासून डोळ्यापर्यंत प्रौढ माणसाचं अंतर ७० ते ८० सेंटीमीटर भरतं. आयपीसच्या उंचीतून ते वजा केलं की डोक्यावरचं पाहायला सुमारे ४० सेंटीमीटरची बैठक लागते. ३० अंशांवर वजाबाकी जेमतेम १० वर येते. थोडं पुढे झुकून बसलात तर २० ते २५ चालतात. म्हणजे उंच स्टुलाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. घरातली नेहमीची खुर्ची ४५ च्या आसपास असते, ती फार तर डोक्यावरच्या आकाशाला पुरते. बाकी वेळी तिच्यावर बसूनही तुम्ही वाकलेलेच राहता आणि दुखणं तसंच राहतं.

म्हणून साधारण २० ते ५० सेंटीमीटरांत हवी तिथे थांबणारी बैठक शोधा. आकाशनिरीक्षणासाठी बनवलेल्या खुर्च्यांमध्ये दोन उभ्या दांड्यांवर बैठक सरकते. काहींत ती खाचांत अडकते, काहींत नुसत्या घर्षणावर टिकते. घरी सुतारकाम करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेली डेन्व्हर चेअर दुसऱ्या प्रकारची: बैठक उचलून सरकवायची, वजन टाकलं की ती स्वतःच घट्ट धरते. उंची हवी तितकी बारीक जुळवता येते ही तिची मोठी सोय. पण दवाने लाकूड ओलं झालं की पकड सुटू शकते, त्यामुळे दांड्यांवर खरखरीत पट्टी चिकटवलेली असलीच पाहिजे. खाचांची खुर्ची घेणार असाल तर खाचांमधलं अंतर पाहा. पाच सेंटीमीटरहून जास्त असेल तर डोळा कधी आयपीसच्या वर, कधी खाली राहतो.

विकत काही घ्यायचंच नसेल तर दुर्बीण उंच करा. भक्कम, न डुगडुगणाऱ्या चौथऱ्यावर ती २० सेंटीमीटर उचलली की बैठकीची गरज ४० ते ६० वर येते, आणि तिथे ड्रम वाजवणाऱ्यांचं स्क्रूने वरखाली होणारं गोल स्टूल बरंच काम भागवतं. मात्र बैठक गुडघ्याच्या उंचीहून वर गेली की पाय लोंबकळतात, मांड्या दाबल्या जातात आणि मुंग्या येतात. पायाखाली काहीतरी टेकू हवाच.

हे सगळं इतकं मोजून सांगतोय, कारण बसल्याने दिसण्यात जो फरक पडतो तो मला कंबरेच्या आरामाहून मोठा वाटतो. तुमच्या दुर्बिणीत १५० पट वर्धन केलं की आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत दीड मिलिमीटरहून अरुंद असतो. उभ्याने वाकून पाहताना डोकं सतत किंचित हलतं आणि डोळा त्या झोतातून निसटत राहतो. गुरूच्या पट्ट्यांमधली गुंतागुंत किंवा शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट हवा क्षणभर शांत होते तेव्हाच स्पष्ट होते, आणि तो क्षण आला की डोळा जागेवर असावा लागतो. अंधुक दीर्घिकांचंही तसंच. त्या थेट पाहून दिसत नाहीत, नजर जरा बाजूला ठेवून वाट पाहावी लागते. ज्याची मान दुखतेय त्याला एवढा धीर राहत नाही. पाच-दहा मिनिटं एकाच गोष्टीकडे पाहत बसा, दर मिनिटाला काहीतरी नवं दिसू लागेल.

अंगणातली जमीन मऊ असेल तर पायांखाली फळ्या टाका, नाहीतर खुर्ची एका बाजूने रुतते. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही, पण बाजूला झुकलं की पटकन उलटतं, आणि आयपीसकडे आपण सारखे झुकतच असतो. चार पाय बरे. धातूची बैठक थंडीत गार पडते. गादी पाणी न शोषणारी घ्या. खुर्ची दुर्बिणीच्या बुडाला टेकू देऊ नका, तुमची प्रत्येक हालचाल प्रतिमेत दिसेल. आणि घडीची असेल तर बिजागऱ्यांत बोट सापडणार नाही ना, हे डोळे मिटून उघड-बंद करून पाहा, कारण अंधारात तुम्हाला ती तशीच हाताळायची आहे.

पुढे कधी लांब नळीची अपवर्तक (आरशाऐवजी भिंगाची) दुर्बीण घेतलीत तर हिशोब उलटा होतो: तिची आयपीस खालच्या टोकाला, त्यामुळे डोक्यावरचं पाहायला सगळ्यात खाली बसावं लागतं. बायनॉक्युलरसाठी मात्र ही खुर्ची नको. तिथे मागे रेलणारी, हातांची आरामखुर्ची घ्या, आणि दोन्ही कोपरं टेकतील इतके तिचे हात उंच आहेत का ते बायनॉक्युलर डोळ्याला लावूनच तपासा.