दारोदार फिरून वस्तू विकायला परवानगी असावी का?

असावी, पण लगाम घालून. हा विक्रेता नकोसा वाटतो तो बेल वाजवतो म्हणून नाही, तर 'ऑफर फक्त आजच' म्हणत सही होईपर्यंत उंबरा सोडत नाही म्हणून. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तर 'नको' म्हणायचीच भीड पडते. ('जरा पाणी मिळेल का?' ही घरात शिरायची जुनी युक्ती!) त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा सौदा मोडायची मुभा जास्त कामाची. युरोपीय संघात अशी खरेदी साधारणपणे १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, अमेरिकेत कामकाजाचे ३ दिवस मिळतात. गळ्यात ओळखपत्र हवंच. आणि दारावर 'विक्रेत्यांना मनाई' अशी पाटी असूनही बेल वाजली, तर सरळ दंड. पिशवीतून सुया-दोरे विकणाऱ्या बाईंना मात्र यात अडकवू नये. त्या कुठे कुणाची सही मागतात?