पॅसिफिक बेटांवरच्या देशांत बायका नेतृत्वात इतक्या मागे का? बाहेरच्या पैशाने ते बदलेल का?

तुम्ही विचारलंय की पॅसिफिकमधल्या छोट्या देशांत बायका संसदेत जवळपास दिसतच नाहीत, आणि तिथली संस्कृतीच पुरुषांची असेल तर ऑस्ट्रेलियाबिस्ट्रेलियाने जेंडर इक्वॅलिटीच्या नावाने पैसे पाठवून काय होणार. मी बरीच वर्षं ऑकलंडमध्ये आहे, वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते, माझ्याबरोबरच्या निम्म्याहून जास्त बायका सामोआ, टोंगा आणि फिजीच्या, त्यामुळे हा विषय आमच्याकडे डबा खाताना निघतोच निघतो. आणि तुमच्या प्रश्नातलं ते 'संस्कृतीच तशी' आहे ना, ते मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सामोआपासून सुरू करते कारण तिथलं मला सगळ्यात जास्त माहीत आहे. सामोआच्या गावाचा कारभार मताई लोक बघतात, म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबाने निवडलेला प्रमुख, त्याला कुटुंबाचं पिढीजात नाव मिळतं, आणि हे मताई एकत्र बसतात ती गावाची सभा म्हणजे फोनो. संसदेची निवडणूक लढवायची तर मताई असावंच लागतं. मत देण्याचा हक्कसुद्धा १९९० पर्यंत फक्त मताईंना होता, त्या वर्षी सार्वमत झालं आणि मग २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं, पण उभं राहायची अट आहे तशीच राहिली. आता बाईला मताई व्हायला कायद्याने कसलीच बंदी नाही, पण दहा मताईंमध्ये साधारण एकच बाई सापडेल, आणि काही गावं अशी आहेत की बाईने मताई म्हणून फोनोत बसलेलं त्यांना चालतच नाही. त्यात उमेदवाराने गावाची सेवा केलेली असली पाहिजे ही पण अट आहे, तीन वर्षांची, आणि ती सेवा मान्य कोण करणार तर तेच गाव. म्हणजे ज्या सभेत तुम्हाला बसू देत नाहीत त्याच सभेकडून तुम्ही काम केल्याचा दाखला आणायचा.

आणि तरी त्याच गावात बायकांच्या कमिट्या १९२० च्या दशकापासून आहेत. आरोग्य, स्वच्छता, पाण्याची व्यवस्था, कोणाचं घर-अंगण नीट आहे की नाही हे फिरून बघणं, नीट नसेल तर दंड लावणं, हे सगळं त्या करत आल्यात. म्हणजे बाईने हुकूम सोडायचा आणि गावाने ऐकायचा ही गोष्ट तिथे कोणाला नवीन नाहीये.

अजून एक गोष्ट मराठी माणसाला पटकन कळेल. सामोआत बहिणीचा मान फार मोठा असतो, भावाने तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी रीत आहे. पण तीच मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या गावी गेली की तिथे ती सून, सगळ्यांची सेवा करणारी, बोलायचं कमी आणि राबायचं जास्त. माहेरवाशीण आणि सून यातला फरक आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. माझी एक सहकारी म्हणते की तिच्या आईचा शब्द माहेरच्या गावात आजही चालतो, पण आयुष्य काढलं ते सासरच्या गावात, तिथे तिला कोणी कधी विचारलंच नाही. म्हणजे संस्कृतीतच बाईला मान पण आहे आणि बंधन पण आहे, आणि राजकारणात नेमकं बंधन तेवढं उचललं गेलंय.

२०१३ साली सामोआने घटना बदलली आणि संसदेत किमान १० टक्के बायका असतीलच असा नियम केला. पद्धत अशी की पुरेशा बायका निवडून आल्या नाहीत तर हरलेल्यांपैकी जिला जास्त टक्के मतं मिळाली तिला वाढीव जागा देऊन आत घ्यायचं. २०१६ ला चार जिंकल्या, पाचवी अशी आत आली. आणि मग २०२१ ला जे झालं ते आम्ही इथे श्वास रोखून बघितलं.

त्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान तुइलाएपा यांचा पक्ष, जो चाळीसेक वर्षं जवळजवळ सलग सत्तेत होता, त्याला २५ जागा, फिआमे नाओमी मताअफा यांच्या नव्या फास्ट पक्षाला २५, आणि एक अपक्ष. ५१ पैकी पाच बायका जिंकलेल्या, म्हणजे ९.८ टक्के, तर निवडणूक आयुक्तांनी १० टक्के भरत नाहीत म्हणून सहावी बाई जाहीर केली, आणि ती होती सत्ताधारी पक्षाची. तिकडे अपक्ष फिआमेंकडे गेला, २६-२६ झालं. म्हणजे बायकांसाठी केलेला नियम वापरून देशाच्या पहिल्या बाई पंतप्रधानाची वाट अडवली गेली, मला तेव्हा याचा इतका राग आला होता की काय सांगू. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने ती जागा आणि बरोबरी झाल्यावर निघालेला पुन्हा निवडणूक घ्यायचा आदेश दोन्ही रद्द केलं. २४ मे ला शपथविधी, तर संसदेच्या दाराला कुलूप! मुख्य न्यायाधीश स्वतः चालत जाऊन बंद दार बघून आले, आणि फिआमेंनी समोरच्या हिरवळीवर तंबू टाकून त्यात शपथ घेतली. आमच्या ब्रेकरूममध्ये त्या दिवशी सगळ्यांच्या हातात मोबाईल, लाइव्ह चालू, कोणी रडतंय, कोणी चिडलंय, कारण सगळ्याच काही फिआमेंच्या बाजूच्या नव्हत्या हे पण सांगितलं पाहिजे. शेवटी २३ जुलैला अपील कोर्टाने तो तंबूतला शपथविधी वैध ठरवला. आणि त्याच अपील कोर्टाने त्याआधी हेही सांगितलं होतं की १० टक्के म्हणजे पाच नाही, सहाच बायका, फक्त सहावी जागा पोटनिवडणुका वगैरे संपल्यावर भरायची. नियम टिकला, पण त्याचा गैरवापर थांबला, हे मला फार मोठं वाटतं.

फिआमे काही आकाशातून पडल्या नव्हत्या. वडील स्वतंत्र सामोआचे पहिले पंतप्रधान, आई पण खासदार. वडिलांचा मताई किताब त्यांना विशीतच मिळाला पण त्यासाठी कोर्टात भांडावं लागलं, १९८५ ला लोतोफागा मतदारसंघातून निवडून आल्या, पुढे देशातल्या पहिल्या बाई कॅबिनेट मंत्री झाल्या. म्हणजे इतकं मोठं घराणं असून मताई हा पहिला उंबरा ओलांडायलाच कोर्ट लागलं, मग साध्या घरातल्या मुलीचं काय होत असेल विचार करा. २०२५ मध्ये त्यांचा पक्ष फुटला, बजेट पडलं, ऑगस्टच्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला तीनच जागा मिळाल्या. पण त्या हरल्या त्या राजकारणात जसं कोणीही हरतं तशा.

आता बाकीच्या बेटांकडे भराभर येते. व्हानुआतूमध्ये ५२ जणांची संसद आणि २००८ च्या निवडणुकीनंतर २०२२ पर्यंत एकही बाई निवडून आली नाही. २०२२ ला ग्लोरिया ज्युलिया किंग निवडून आल्या. पण तिथे २०१३ मध्ये पोर्ट व्हिला आणि लुगनव्हिल या दोन शहरांच्या नगरपालिकांत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत ज्या मारी लुईझ मिल्न खासदार झाल्या त्या पोर्ट व्हिला नगरपालिकेत काम करूनच वर आल्या. पापुआ न्यू गिनीत २०१७ ते २०२२ संसदेत एकही बाई नव्हती, २०२२ ला ११८ मध्ये दोन. तिथे निवडणूक म्हणजे भरपूर पैसा, टोळ्या, मारामाऱ्या, आणि उमेदवाराच्या मागे अख्खं कुळ उभं राहतं, ते कुळ मुलीमागे उभं राहायला तयार नसतं. २२ राखीव जागांचा प्रस्ताव २०११ मध्ये अर्धा मंजूर झाला आणि तिथेच अडकला.

पण त्याच पापुआ न्यू गिनीतल्या बुगनव्हिलबद्दल मी तासभर बोलू शकते. तिथे बऱ्याच भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते. पांगुनाच्या तांब्याच्या खाणीवरून १९८८ ला लढाई पेटली, दहा वर्षं चालली, हजारो माणसं गेली. त्यात आया आणि आज्या जंगलात जाऊन पोरांना बंदुका खाली ठेवायला सांगत फिरल्या, चर्चमधून, बायकांच्या संघटनांमधून बोलणी सुरू ठेवली, आणि २००१ चा शांतता करार व्हायला त्यांचा मोठा हात आहे. नंतर स्वायत्त सरकारच्या घटनेत बायकांसाठी तीन जागा राखीव ठेवल्या, उत्तर, मध्य, दक्षिण अशा. त्यावर आपल्यासारखीच ओरड झाली की तुम्हाला तुमच्या जागा दिल्यात ना, मग खुल्या जागेवर कशाला येता. तरी २०२० मध्ये थिओनिला रोका मॅटबॉब खुल्या जागेवरून निवडून आल्या, त्याच खाणीच्या भागातून, आणि खाणीने नासलेल्या नद्यांबद्दल त्यांनी रिओ टिंटो कंपनीला जाब विचारला. आणि गावपातळीवर २०१६ चा कायदा तर बघा, प्रत्येक वॉर्डातून एक पुरुष आणि एक बाई निवडायची, अध्यक्षपद आलटून पालटून. आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत ५० टक्के आहे, पण बुगनव्हिलमध्ये प्रत्येक वॉर्डातच दोघं असतात, त्यामुळे यावेळी हा वॉर्ड महिला राखीव म्हणून नवऱ्याने बायकोला नावापुरती उभी करायची भानगड तिथे कमी होत असावी असं मला वाटतं.

दुसरं टोक न्यू कॅलेडोनिया, फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. फ्रान्सचा समान उमेदवारीचा कायदा २००० साली आला, पक्षाच्या यादीत पुरुष आणि बायका सारख्याच संख्येने पाहिजेत. आमच्या समाजाला हा अजून चालायचा नाही असं तिथल्या काही पुढाऱ्यांनी सांगून बघितलं, आणि तिथल्या मूळच्या कनाक समाजाच्या बायकांनीच ठणकावलं की आम्हाला चालतो. आज तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे विधिमंडळात, निम्म्याच्या आसपास बायका असतात. शेजारीच व्हानुआतू, तेच मेलानेशियन लोक, तशाच रूढी, तसाच चर्चचा पगडा, आणि तिथे ५२ मध्ये एक. मग संस्कृती कुठे गेली? माझं जे म्हणणं आहे ते हेच, दाराचा नियम बदलला की बायका आत येतात, कारण त्या दाराशी कधीच्याच येऊन उभ्या आहेत.

चर्चबद्दल बोलायला माझ्या मैत्रिणींना संकोच वाटतो म्हणून जपून लिहिते. सामोआच्या सगळ्यात मोठ्या चर्चमध्ये बाई पाद्री होऊ शकत नाही. टोंगाने २०१५ मध्ये बायकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करायचं ठरवलं, तर चर्चवाल्यांनी मोर्चे काढले, त्यात बायकाही होत्या, आणि ते बारगळलं. टोंगात आजही वडिलोपार्जित जमीन मुलीच्या नावावर होत नाही. पण संकटात बायका जमतात त्या पण चर्चच्याच हॉलमध्ये, म्हणून चर्चला बाजूला ठेवून तिथे काम होणार नाही.

आता पैशाचं. २०१२ ला कुक बेटांमधल्या रारोटोंगात सगळ्या बेटांच्या नेत्यांनी स्त्री-पुरुष समानतेचा जाहीरनामा काढला आणि ऑस्ट्रेलियाने दहा वर्षांसाठी ३२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा कार्यक्रम आणला. या सगळ्या काळात बाई उमेदवारांची ट्रेनिंगं, प्रॅक्टिस पार्लमेंट वगैरे पण भरपूर झाली. ट्रेनिंग वाईट नाही, पण त्यात गृहीत धरलेलं असतं की बाईला येत नाही म्हणून ती हरते. तिला मताई किताब मिळत नाही, पक्ष तिकीट देत नाही, कुळ पैसे लावत नाही, आणि घरी मार बसतो, यातलं एकही ट्रेनिंगने जात नाही. मार बसतो हे मी उगाच लिहीत नाहीये, फिजीच्या पाहणीत ६४ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याने किंवा जोडीदाराने कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती केली, किरिबाटीत ६८ टक्के. जिला सभेला गेलं म्हणून घरी आल्यावर मार बसेल ती निवडणूक कशी लढवणार?

उलट पैसा कुठे लागू पडला ते बघायचं असेल तर फिजी विमेन्स क्रायसिस सेंटर बघा. १९८४ ला सुव्यात स्थानिक बायकांनी सुरू केलं, शमीमा अली कितीतरी वर्षं ते चालवतायत, भारतीय वंशाच्या इंडो-फिजियन आणि तिथल्या मूळच्या इटौकेई दोन्ही बायका एकत्र. ऑस्ट्रेलियाची मदत तिथे दशकानुदशकं सलग येते आणि काय करायचं हे त्या बायकाच ठरवतात. त्यांनी वकील, पोलीस, गावप्रमुख यांच्याबरोबर काम केलं, दुसऱ्या बेटांवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, आणि २०१३ च्या ज्या पाहणीचा आकडा मी वर दिला ती पण त्यांचीच. तुम्ही या क्षेत्रात काम करायचा विचार करत असाल तर एखाद्या प्रोजेक्टचे पैसे किती हे बघण्याआधी ते किती वर्षांसाठी आहेत आणि सही कोणाची चालते हे विचारा. दोन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये ऑफिस लावण्यात आणि रिपोर्ट लिहिण्यातच वेळ जातो, आणि मताई होण्यासाठी गावाची सेवाच मुळी तीन वर्षं करावी लागते.