डी अँड डीमध्ये पहिलं कॅरेक्टर बनवताना इतक्या पर्यायांतून नक्की कशावर वेळ घालवायचा?

तुमची अडचण अशी दिसतेय: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ पहिल्यांदाच खेळणार आहात, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) 2024 चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, हातात दिलंय, आणि क्लास (लढवय्या, जादूगार असा पेशा), स्पीशीज (वंश), बॅकग्राउंड (पूर्वायुष्य), फीट (खास कसब) या पसाऱ्यात महत्त्वाचं काय आणि पटकन उरकायचं काय, ते कळत नाहीये.

माझं मत सरळ आहे. सबक्लास, म्हणजे क्लासमधली पोटशाखा, नीट वाचून निवडा, बॅकग्राउंडमध्ये हौस भागवून घ्या आणि आकड्यांचं काम पटकन उरका. (नेटवर बहुतेक लोक तुम्हाला नेमकं उलटं सांगतील.)

पर्यायांच्या संख्येने आधी बिचकू नका. पुस्तकात 12 क्लास, 10 स्पीशीज आणि 16 बॅकग्राउंड आहेत. नुसता गुणाकार केला तरी 1920 जोड्या होतात, आणि प्रत्येक क्लासचे चार-चार सबक्लास अजून मोजलेच नाहीत. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा क्लास होते फक्त तीन: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. चोराचा क्लाससुद्धा पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. तरीही लोक वर्षानुवर्षं वेगवेगळी कॅरेक्टर्स खेळत होतेच. त्यामुळे पर्याय समोर आला की एवढंच विचारा: माझी पाळी येईल तेव्हा याने मला करायला काय मिळणार?

दोन फायटर घ्या. दोघं तिसऱ्या लेव्हलचे, आकडे सारखे, तलवारही सारखीच. फक्त सबक्लास वेगळे: एक चॅम्पियन, दुसरा बॅटल मास्टर. वाराचा वीस बाजूंचा फासा टाकला की चॅम्पियनचा क्रिटिकल हिट (जादा डॅमेजचा जबर वार) फक्त 20 वर नाही, 19 वरही लागतो, म्हणजे शक्यता 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेली. चांगलंच आहे, पण यात तुम्हाला काही ठरवायचं नाही. फासा टाकायचा आणि बघायचं. बॅटल मास्टरकडे आठ बाजूंचे चार जादा फासे असतात आणि तीन डावपेच. समजा त्यात ट्रिप अटॅक घेतलाय. वार लागला की एक फासा खर्च करायचा, तो डॅमेजमध्ये मिळवायचा आणि समोरच्याने स्ट्रेंग्थची सेव्ह (ताकदीवर बचावाचा फासा) हुकवली की तो आडवा. आता तुमच्यानंतर पाळी असलेल्या रोगला (चोरट्या क्लासच्या साथीदाराला) जवळ जाऊन वार करताना अ‍ॅडव्हान्टेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) आणि त्याचा स्नीक अटॅक (डाव साधून जादा डॅमेजचा वार) बसतो. पण फासे चारच, शॉर्ट रेस्टपर्यंत (खेळातल्या छोट्या विश्रांतीपर्यंत) पुरवायचे, आणि समोरचा लार्ज या आकारापेक्षा मोठा असेल तर तो पडतच नाही. म्हणजे प्रत्येक पाळीला विचार आला. तुम्हाला तो विचार करायला आवडतो की कंटाळा येतो, यावर दोघांतला तुमचा कोण ते ठरवा. चॅम्पियनला ‘नवशिक्यांचा’ म्हणून नाक मुरडणारे भेटतील; त्यांचं मनावर घेऊ नका. दिवसभर काम करून रात्री खेळायला बसणाऱ्यांना तोच झकास वाटतो.

आता आकडे. पॉइंट बायमध्ये (गुण खर्चून आकडे घ्यायच्या पद्धतीत) 27 गुण मिळतात आणि प्रत्येक अ‍ॅबिलिटी (ताकद, बुद्धी अशी क्षमता) 8 ते 15 च्या दरम्यान ठेवायची असते. 13 ला 5 गुण लागतात, 14 ला 7 आणि 15 ला 9, म्हणजे वर जाऊ तसं महाग. लोक यावर रात्र-रात्र काढतात. पण 14 चा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +2 आणि 16 चा +3. फरक एकाचा, म्हणजे वीस वेळा फासा टाकलात तर साधारण एकदा निकाल बदलणार. लक्षात ठेवायचं ते एवढंच की विषम आकडा एकटा काही देत नाही, 15 आणि 14 दोन्हींचा मॉडिफायर +2 च. मुख्य अ‍ॅबिलिटी 15 ठेवा, बॅकग्राउंडचे +2 घालून 17 करा. चौथ्या लेव्हलला मिळणाऱ्या बहुतेक फीट्समध्ये +1 असतो, तेव्हा ती 18 होईल. एवढंही नको असेल तर 15, 14, 13, 12, 10, 8 हा तयार संच घ्या. त्याची बेरीजही बरोबर 27 गुणांचीच होते.

खरी गंमत बॅकग्राउंडमध्ये आहे. 2014 च्या आवृत्तीत वाढीव आकडे वंशाकडून यायचे, त्यामुळे बुद्धीचा आकडा न वाढणारा हाफ-ऑर्क विझार्ड (जादूगार) म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार होता. आता ते बॅकग्राउंडकडून येतात, तेव्हा ऑर्क विझार्ड खुशाल करा. हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) शून्यावर येताना, दर लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) एकदा, तो 1 वर थांबतो, आणि नाजूक विझार्डला याहून चांगलं काय हवं?

त्याला सेज बॅकग्राउंड द्यायचा मोह होईल, कारण पुस्तकी विद्वान जमतो. मी क्रिमिनल देईन. इंटेलिजन्स (बुद्धी) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) दोन्ही त्यातून वाढतात. वर अ‍ॅलर्ट फीट येते: इनिशिएटिव्हमध्ये (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशात) प्रोफिशिएन्सी बोनस (सरावाचा जादा आकडा) धरला जातो आणि तयार असलेल्या साथीदाराशी तुमचा क्रम बदलून घेता येतो. विझार्डने शत्रू पांगायच्या आत मंत्र टाकला तर निम्मी लढाई तिथेच संपते. शिवाय स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) आणि चोराची हत्यारं दोन्हींत प्रोफिशिएन्सी असल्याने कुलूप उघडताना अ‍ॅडव्हान्टेज. पार्टीत रोग नसेल तर सगळे तुमच्याकडेच बघणार. आणि हा माणूस मंत्रांचं पुस्तक कुठून घेऊन पळाला, हे डीएम तुम्हाला विचारल्याशिवाय राहणार नाही; म्हणजे कथेची सोय झाली.

मल्टिक्लास (एकाच कॅरेक्टरमध्ये दोन क्लासची सरमिसळ) मात्र पहिल्या कॅरेक्टरला नकोच. कागदावर फायटर-विझार्ड रुबाबदार दिसतो. पण एक्स्ट्रा अटॅक (दुसरा वार) फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळतो आणि फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) विझार्डच्या पाचव्या लेव्हलला. तीन-तीन लेव्हल घेऊन सहाव्या लेव्हलला पोचलात की हातात दोन्ही नसतं, आणि शेजारचा साधा फायटर दोनदा वार करत असतो. तलवार आणि जादू दोन्ही हवं असेल तर फायटरचाच एल्ड्रिच नाइट सबक्लास घ्या.

आणि हे सगळं वाचून ‘पर्याय कमीच आहेत की’ असं वाटलं, तर तुम्ही पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे गिऱ्हाईक आहात. 2019 मध्ये आलेल्या त्या खेळात जवळपास प्रत्येक लेव्हलला कुठली ना कुठली फीट निवडायची असते: वंशाची, क्लासची, स्किलची किंवा सर्वसाधारण. क्लासच नको असेल तर गर्प्स हा खेळ आहे. तिथे सगळं गुणांनी विकत घ्यायचं, आणि कॅरेक्टरला एखादा डोळा कमी दिलात तर उलट गुण परत मिळतात. पण तुमचा ग्रुप डी अँड डी खेळतोय, तेव्हा आधी डीएमला विचारून घ्या की मोहीम लढाईची जास्त आहे की दरबारी राजकारणाची. बॅटल मास्टर की बोलघेवडा बार्ड, हे त्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.