उजनीचं पाणी, शेततळ्यातले मासे आणि गाळातलं शिसं

प्रश्न : उजनीच्या बॅकवॉटरमधून मोटारीनं पाणी उचलून मातीच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले आहेत. पाणी हिरवंगार झालंय. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. धरणाच्या पाण्यात शिसं-कॅडमियम आहे असं गावात बोलतात. हे त्याचंच लक्षण का? मासे विकू का? (एक मत्स्यशेतकरी, ता. इंदापूर)

उत्तर : दादा, पहाटे मासे वर येणं हे शिशाचं लक्षण नाही. पाण्यातला प्राणवायू संपतोय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. दुपारी कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा दिसला नाही तर शेणखत आणि खाद्य आजच थांबवा. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. नसेल तर तळ्याचंच पाणी मोटारीनं उंचावरून परत तळ्यात सोडा. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाता कामा नये.

शेवाळ मारायला मोरचूद मात्र टाकू नका, कुणी कितीही सांगो. मोरचुदातून तांबं जातं. ते माशांचे कल्ले निकामी करतं, शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं, आणि तांबं तळाच्या गाळात बसून राहतं.

आता शिसं-कॅडमियम. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, तेव्हा तुमची शंका रास्त आहे. पण पाणी नितळ दिसलं किंवा मासे टणक दिसले म्हणून धातू नाहीत असं समजू नका. धातू कुजत नाहीत. ते गाळाला चिकटतात, आणि तळाशी चरणारा मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) तो गाळ चिवडतो. कल्ले, यकृत, मूत्रपिंडात ते मांसापेक्षा जास्त साठतात. मासे दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले तर मातकट वास कमी होईल, शिसं जाणार नाही. शिजवूनही जात नाही.

म्हणून नुसतं पाणी तपासून भागणार नाही, गाळ आणि मासाही तपासा. पाणी जिथं तळ्यात पडतं तिथला आणि आणखी चार ठिकाणचा गाळ प्लास्टिकच्या पाइपनं काढा. लोखंडी खोरं वापरू नका, त्याचाच धातू नमुन्यात उतरतो. पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, कारण ती आम्लानं धुतलेली लागते. दोन-तीन मासे बर्फात ठेवून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, मांस आणि यकृत वेगवेगळं तपासायला सांगा. माशात शिशाची कमाल मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत विक्री थांबवा. आतबट्ट्याचं वाटेल, पण तोच मासा तुमच्या घरातली पोरंही खातात, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं सगळ्यात जास्त बाधतं.

पुढच्या हंगामासाठी : पावसाळ्याचा पहिला लोंढा वर साचलेली सगळी घाण घेऊन येतो, त्या दिवसांत मोटार बंदच ठेवा. पाणी आधी छोट्या खड्ड्यात निवळू द्या, मग वरचं पाणी तळ्यात घ्या. पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८.५ ठेवा, आम्लधर्मी पाण्यात गाळातले धातू पुन्हा विरघळतात, म्हणून सामू उतरला तर चुना द्या. मासे काढल्यावर तळं वाळवून गाळ उपसा. गाळाचा अहवाल वाईट आला तर तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका, आणि मृगळ-सायप्रिनसऐवजी वरच्या थरात चरणारा कटला जास्त सोडा.