रविवारची टेकडी आणि उपटलेले पळस

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडमधले काही शेजारी दोन वर्षांपासून वनखात्याची परवानगी घेऊन टेकडीच्या एका उतारावर घाणेरीची (लँटानाची) झुडपं काढतो, देशी झाडं जगवतो. पावसाळ्यात एखाद्या रविवारी साठ माणसं येतात, होळीपर्यंत सहा उरतात. गेल्या एप्रिलमध्ये एका कॉलेजच्या मुलाने पळसाची चौदा रोपं ‘वाळली’ म्हणून उपटून टाकली. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हापासून तो फिरकला नाही. यंदा पावसाआधी चार रविवार व्याख्यानं ठेवून सगळ्यांना नीट शिकवावं, असं आमच्यात ठरतंय. तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : व्याख्यानं नकोत. चौदा पळस गेले याचं वाईट वाटलं, पण मुलगा गेला याचं जास्त.

पळसाचं रोप लहानपणी काही वर्षं असंच फसवतं. उन्हाळ्यात वरची काडी वाळते, खाली मूळ मात्र जाडजूड आणि जिवंत असतं. पाऊस झाला की तिथूनच नवा कोंब येतो. नुसतं बघून हे कळत नाही. तुम्ही त्याला सांगितलं होतंत का? बहुधा नाही. आपल्याला इतकं पाठ झालेलं असतं की सांगायचं राहूनच जातं.

माझं सांगते. वेताळ टेकडीवर जायला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी एक पोरसवदा गणेर सरपण समजून कोयत्याने तोडला. पानं नाहीत, फांद्या राखाडी, मला वाटलं गेलेलं झाड. घाव बसल्यावर आतून ओलं निघालं. बरोबर एक वयस्कर वनमजूर होते. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मला वरच्या अंगाला घेऊन गेले आणि दुसऱ्या गणेरापाशी उभं केलं. एक पान नाही, आणि टोकाटोकाला हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं. मग म्हणाले, “ताई, हे तेच झाड.” त्यानंतर आजतागायत मी नखाने साल खरवडून हिरवं दिसतंय का ते पाहिल्याशिवाय कशालाही हात लावलेला नाही. पळसाच्या रोपाला मात्र ही परीक्षाही पुरत नाही, कारण वरची काडी खरंच मेलेली असते. तिथे नियम एकच : दोन चांगल्या सरी पडेपर्यंत काही उपटायचं नाही.

तेव्हा शिकवायचं ते उतारावर, आणि थोडं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीनच झाडं दाखवा : घाणेरी, गाजरगवत आणि तुमच्याकडचं एक देशी, पळस किंवा हिवर. पहिले तीन रविवार कोयता-कुदळ हातात द्यायची नाही, एका जुन्या माणसाच्या जोडीला द्यायचं. घाणेरी काढताना बहुतेक जण वरून छाटतात आणि मोकळे होतात. महिन्याभरात ती दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. हे एकदा करून दाखवा, मग त्याच्याकडून दहा वेळा करून घ्या. मोकळ्या झालेल्या जागी देशी गवताचं बी टाकलं नाही, तर तिथे गाजरगवत येऊन बसतं. भारतातली त्याची पहिली ठळक नोंद 1950च्या दशकात आपल्या पुण्यातलीच, हा मान आपल्याला मिळालेला आहे. ते फुलायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट काढायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, अंगावर खाज उठली की माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

आता साठाचे सहा का होतात. जुलैत खड्डा, रोप, फोटो असतो. नंतर त्या रोपाचं काय झालं हे त्या माणसाला कोणी कळवत नाही. आमच्याकडे एक निवृत्त कॅशियर काका होते. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसे. त्यांच्याकडे वही दिली. प्रत्येक रोपाशेजारी काठी, काठीला जुन्या साडीची चिंधी, चिंधीवर आकडा, आणि वहीत आकड्यापुढे लावणाऱ्याचं नाव. डिसेंबरात काका फोन करत : “तुमचा सत्तावीस नंबर मान टाकतोय, येता का पाणी घालायला?” माणसं यायची हो! पाच लिटरचा कॅन घेऊन चढायची. हिवाळ्यातलं पाणी, फेब्रुवारीच्या आत वनरक्षकांना विचारून जाळरेषेवरचं (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचं) वाळलेलं गवत काढणं, मोजदाद, ही खरी कामं. ती जुलैतच सांगून ठेवा, आणि साठांतल्या प्रत्येकाला ठरलेला तुकडा द्या.

सगळा उतार झाडांनी भरायचा हट्टही सोडा. कुसळीचं गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. उन्हाळ्यात त्या उघड्या माळावर माळटिटवी अंडी घालते, अगदी खड्यांसारखी दिसणारी. साठ जोडी बूट तिथून गेले तर काय उरणार?

फुरशांबद्दल, म्हणजे त्या विषारी सापांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बंद बूट घातल्याशिवाय कोणाला वर घेऊ नका. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली काही असलंच तर पलीकडे निघून जातं. चावलंच तर बांधणं-कापणं नाही, माणसाला चालवणं नाही, 108ला फोन. आणि टेकडीच्या कोणत्या वाटेपर्यंत रुग्णवाहिका येते, हे आधीच पाहून ठेवा.

त्या मुलाला तुम्ही स्वतः फोन करा. समजावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतरच्या रविवारी त्याला त्या चौदा जागांपाशी बोलवा. उपटताना एखादं मूळ अर्धं तुटून खाली राहिलं असेल, तर तिथे कोंब दिसेल. मोजायला त्यालाच सांगा, वही त्याच्याच हातात द्या. आणि होळीपर्यंत टिकणाऱ्या त्या सहा जणांना जूनच्या आधी दोन रविवार सुट्टी द्या. त्यांत तुम्हीही आलात.