फ्लाय रॉडच्या सेटवरचे आकडे काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घोडबंदरला राहता, आजवर तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गळानेच मासे गरवलेत, आता फ्लायचा सेट मागवलाय. त्यावरच्या ‘५ वेट’, ‘डब्ल्यूएफ-५-एफ’, ‘४ एक्स’चा अर्थ काय, आणि त्यावर खाडीत जिताडा निघेल का?

आधी मूळ गोष्ट. आपल्या नेहमीच्या गरवण्यात शिसं जड असतं आणि ते तंगूस ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं खोटं आमिष, नुसती पिसं, केस आणि धागा, तिला फेकण्याइतकं वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत असतं. रॉड दोरी फेकतो, फ्लाय तिच्यामागून जाते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर पडतात.

‘५ वेट’ म्हणजे हा रॉड ५ नंबरच्या दोरीसाठी केलाय. नंबर ठरतो दोरीच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावर: ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ नंबरला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ‘डब्ल्यूएफ’ म्हणजे पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक, शेवटचा ‘एफ’ म्हणजे तरंगणारी. या दोरीच्या पुढे निमुळता होत जाणारा धागा, म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा. रिळावर सगळ्यात खाली बॅकिंग, म्हणजे मासा लांब पळाला तर लागणारी जादा दोरी.

टिपेटचा ‘एक्स’ उलटा चालतो, आकडा वाढला की जाडी कमी. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरलेले इंचाचे हजारांश. ४ एक्स म्हणजे ०.००७ इंच, जवळपास ०.१८ मिमी. गळाचे नंबरही तसेच, १२ नंबरचा गळ ६ पेक्षा लहान. १ नंबरनंतर मात्र १/०, २/० असे मोठे होत जातात.

आता जिताडा. तुमचा ५ वेट तळ्यातल्या चिलापीला उत्तम आहे, खाडीत तो नेऊ नका. तिथे वारा असतो, फ्लाय जड लागते, आणि जिताडा लागला की सरळ तिवरांच्या मुळांत शिरतो. त्याला वळवायला ८ वेटच हवा. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, नुसतं टिपेट तिथे टिकत नाही. पुढे फूटभर ३०-४० पौंडी जाड तंगूस जोडा. पाठीमागे तिवरं असली की दोरी मागे फेकायला जागा नसते, म्हणून रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न नेता पुढे फेकायची पद्धत, आधी शिका. उधाणापेक्षा भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस बरे, ओढ कमी असते आणि गढूळपणा जरा बसतो.

फ्लाय बांधायची असेल तर क्लाउझर मिनोपासून सुरुवात करा. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी ती १९८० च्या दशकात बास माशासाठी केली, आज ती खाऱ्या पाण्यातही सर्रास चालते. गळ व्हाइसमध्ये (छोट्या शिकंज्यात) पकडा, दांडीवर धाग्याचे वेढे द्या, मग दांडीच्या वरच्या अंगाला डंबेलसारखे धातूचे डोळे आडव्या-तिरप्या वेढ्यांनी घट्ट आवळा. त्या वजनाने पाण्यात फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि तळाशी कमी अडकतं. मूळ फ्लायला हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपल्याकडच्या हरणांचे केस वन्यजीव कायद्यामुळे वापरता येत नाहीत, त्यामुळे बोकडाचे लांब केस किंवा कृत्रिम तंतू घ्या. केस अगदी कमी लावा. नवा माणूस हमखास भरगच्च बांधतो, आणि मग ती फ्लाय पाण्यात माशासारखी दिसतच नाही. गळाच्या नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर शेवटची व्हिप फिनिशची गाठ बसायला जागा उरत नाही.

एक विनंती मनापासून. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या हद्दीत गळ टाकू नका, आणि कुठेही कापलेला तंगूस मागे सोडू नका. पाणपक्ष्यांच्या पायात तो गुंडाळला की सुटत नाही.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ आणि दोरी गोड्या पाण्याने धुवा. पण तो टप्पा पुढचा. आत्ता कॉलनीच्या मैदानात लीडरला फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि सकाळी वारा पडलेला असताना फेकून बघा.